काळजातली जादा वाट

माझं हृदय अधूनमधून पळायचं. धडधडायचं असं म्हटलं की लोकांना परीक्षेच्या आधीची धडधड आठवते, म्हणून मी पळायचं असंच म्हणते. पहिल्यांदा पळालं तेव्हा मी नववीत होते. शाळेच्या मैदानात वाकून सँडलचा पट्टा लावत होते. उठून उभी राहिले आणि छातीत काहीतरी सुटलं. मैत्रिणी लंगडी खेळत होत्या आणि मी भिंतीला टेकून, गळ्यापर्यंत आलेलं ते धावणं गिळायचा प्रयत्न करत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी ते थांबलं. हळूहळू कमी होत गेलं असं नाही, एका ठोक्यात थांबलं, कुणी बटण बंद करावं तसं. मी घरी गेले आणि जेवले.

आमचं गाव चंद्रपूरकडे, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. तिथल्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत माझं हृदय दर वेळी शहाण्यासारखं चालू लागलेलं असे. ईसीजी काढला की सरळ, छान. मग लोहाच्या गोळ्या, मग टॉनिक, मग 'मुलींना या वयात होतं असं', आणि कॉलेजात गेल्यावर 'लग्न झालं की थांबेल'. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिनंही एकदा कंटाळून मला विचारलं की तुला नक्की कशाची काळजी वाटते ते सांगून टाक.

एकट्या बाबांनी ते मनाचे खेळ आहेत असं कधी म्हटलं नाही. बाबा तारघरात होते. कट्ट-कडकट्ट ऐकून कागदावर शब्द उतरवण्यात त्यांचं सगळं तरुणपण गेलं. पुढे यंत्रं बदलली, टाइप होऊन तारा येऊ लागल्या, तरी त्यांचा कान तसाच राहिला. माझं हृदय पळायला लागलं की ते शेजारी बसत, मनगट धरत आणि डोळे मिटत. एकदा आईला म्हणाले, "भीतीची धडधड अशी एकसारखी नसते. ही पोरगी काही बनवून नाही सांगत."

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. ती वर्षंच अशी होती की कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या कुणालाही कुठेतरी बोलावणं येई. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले असत, सन दोन हजार उजाडायच्या आत त्यांचे चार करायचं काम परदेशातून पोत्यानं येत होतं. आमचं ऑफिस प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, बंगल्यात होतं. दिवाणखान्यात बारा कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात सर्व्हर, आणि मागच्या व्हरांड्यात आम्ही डबे खायचो. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी अमेरिकेला जाई आणि जाताना सगळ्यांना पेढे देई. माझंही नाव यादीत वर सरकत होतं. सकाळी कोथरूडहून बस पकडताना मला वाटायचं, हे सगळं शहर माझ्यासारखंच घाईत आहे, सगळ्यांना कुठेतरी पोचायचंय.

त्यामुळे ऑफिसात मी काही सांगितलं नव्हतं. हृदय पळणारी मुलगी परदेशी कोण पाठवेल? पळायला लागलं की मी जिन्यात जाऊन बसे, श्वास रोखून कुंथे, गार पाणी पिई. कधी त्यानं थांबे, कधी नाही. एका दुपारी शेजारच्या टेबलावरची मुलगी मला शोधत जिन्यात आली. ती अस्सल सदाशिव पेठेतली, बोलण्यात निम्मं इंग्रजी. माझ्या गळ्याची शीर उडताना पाहून ती शेजारच्या पायरीवर बसली आणि ते थांबेपर्यंत उठली नाही. मग म्हणाली, "हे टेन्शन नाहीये. माझ्या आजीच्या हार्टच्या डॉक्टर आहेत, एकदम स्ट्रिक्ट. याच आठवड्यात जायचंय आपण."

मी एसटीडी बूथवरून घरी फोन केला. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, आईची शाळा अजून चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा एक वळकटी आणि माझ्या सगळ्या जुन्या कागदांची पिशवी घेऊन पुणे स्टेशनवर उतरले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. दवाखाना नदीपलीकडे, पेठेत. त्यांनी माझे नऊ वर्षांचे ईसीजी एकेक करून पाहिले.

"सगळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "फ्रेम करून भिंतीला लावा."

मला वाटलं, झालं, इथंही तेच. पण त्यांनी फाइल बाजूला सारली आणि विचारलं की पळतं तेव्हा ते नेमकं कसं पळतं, टेबलावर वाजवून दाखवता येईल का. असं मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. मी बोटं टेकवली, पण मला ते जमेना. आतून ऐकलेलं बाहेर कसं काढायचं?

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि वाजवायला लागले. वेगानं, एकसारखं, एकही ठोका पुढे नाही की मागे नाही. डॉक्टरबाईंनी आधी घड्याळ लावून ठोके मोजले, मिनिटाला एकशे नव्वद, मग घड्याळ सोडून त्या बोटांकडेच बघत राहिल्या. सुरू कसं होतं, त्यांनी विचारलं. बाबांनी चार ठोके सावकाश वाजवले आणि पाचव्यापासून एकदम धाव घेतली. आणि थांबतं कसं? बाबा धावत राहिले, मग बोटं उचलली, एवढीशी पोकळी सोडली, आणि पुन्हा सावकाश, टक, टक.

"आपण काय करत होतात?"

"तारघरात होतो. बत्तीस वर्षं."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे वीज जाते, तेव्हा ठोका पडतो. तिला जायला मधे एक वाट असते. काही माणसांत तिथं जन्मतःच दोन वाटा असतात. एरवी काही बिघडत नाही, पण कधीतरी वीज एका वाटेनं खाली जाते आणि दुसरीनं वर परत येते, आणि मग ती तिथंच गोल गोल फिरत राहते. तेच ते पळणं. म्हणून ते एकदम सुरू होतं, एकदम थांबतं, आणि एकसारखं असतं. थांबल्यावर ईसीजीत काहीच दिसत नाही.

मी त्या चित्राकडे बघत बसले. नऊ वर्षं ज्याला नाव नव्हतं ते समोर पेनानं काढलेलं होतं, दोन रेघा आणि एक बाण. मला इतका आनंद झाला की मी तो कागद मागून घेतला.

पण डॉक्टरबाईंना पुरावा हवा होता. बोटांवर विश्वास आहे, पण मला ते ईसीजीच्या कागदावर दिसलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. आता पळायला लागलं की थांबवायचं नाही. कुंथायचं नाही, गार पाणी प्यायचं नाही. चक्कर आली नाही तर कुणाच्या तरी सोबतीनं तडक इकडे यायचं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. नऊ वर्षं मी ते येऊ नये म्हणून जपत होते, आणि आता ते यावं म्हणून वाट बघत होते. मुद्दाम वाकून चपला घालायचे. बाबा सकाळी डबा देताना विचारायचे, "काही होऊन राहिलं का?" आणि मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

पहिल्यांदा आलं ते अकराच्या सुमारास. मी पेठेतल्या मैत्रिणीच्या खांद्यावर टकटक केलं. ती हातातलं काम टाकून उठली, आणि आम्ही तिच्या दुचाकीवर निघालो. पण लकडी पुलावर दिवसा दुचाकीला बंदी, हे पेठेत वाढलेली मुलगी घाईत विसरली. पोलिसानं शिट्टी मारली. ती त्याला सांगायला लागली की इमर्जन्सी आहे. तो माझ्याकडे बघून म्हणाला की ताई तर ठणठणीत बसल्यात. आम्ही दुसऱ्या पुलाकडे वळलो आणि अर्ध्या वाटेत, एका खड्ड्यात गाडी आदळली तशी, माझं हृदय थांबून नीट चालू लागलं. मी मागून ओरडून सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला गाडी लावून हताश होऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा तर आम्ही दवाखान्याच्या दारात पोचलो, नर्सनं तारा काढल्या, माझ्या छातीला पहिली तार लावली, आणि गार स्पर्शानं ते थांबलं. डॉक्टरबाईंनी निघालेला कागद पाहिला. "भिंतीवर जागा उरलीय का बघा," म्हणाल्या.

तिसऱ्यांदा आम्ही रिक्षा केली. बाबा त्या दिवशी डबा पोचवायला ऑफिसात आले होते, तेही बसले. मी मधे, एका बाजूला मैत्रीण आणि दुसऱ्या बाजूला बाबा माझं मनगट धरून. रिक्षावाल्याला मैत्रिणीनं सांगितलं की लवकर घ्या पण खड्डे चुकवत घ्या. पुण्यात दोन्ही एकदम मिळत नाही, असं तो म्हणाला, आणि खरंच सावकाश घेतली. लकडी पूल ओलांडला, टिळक रस्ता आला, तरी पळत होतं. बाबा डोळे मिटून नुसती मान हलवत होते, आहे, आहे, अजून आहे. दवाखान्याचा जिना मी बाबांचा हात धरून एकेक पायरी करत चढले. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढावं तसं.

या वेळी नर्सनं तारांच्या चकत्या आधी तळहातावर घासून गरम केल्या. यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद बाहेर यायला लागला आणि त्यावर माझं पळणं उमटत गेलं, टोकाला टोक, करवतीसारखं. डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. फोटो चांगला आल्यावर फोटोग्राफर बघतो तशा.

"छान आलंय," त्या म्हणाल्या. "मिनिटाला एकशे ब्याण्णव. तुमच्या वडलांचा हिशेब एकशे नव्वदचा होता."

मग त्यांनी ते थांबवायचं ठरवलं. मानेची शीर चोळून पाहिली, थांबलं नाही. तेव्हा म्हणाल्या की इंजेक्शन देते, काही सेकंद फार विचित्र वाटेल, आता संपलं असं वाटेल, पण ते औषध लगेच विरून जातं. दंडातून सुई गेली. माझा चेहरा तापला, छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं ओझं आलं आणि मग आत काहीही नव्हतं. पळणं नाही, चालणं नाही. समोरच्या पडद्यावर सरळ रेघ सरकत होती. बाबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. दोन सेकंद, तीन. मग एक जाडजूड ठोका पडला, मग दुसरा, आणि हृदय मुकाट्यानं चालायला लागलं. मी जोरात श्वास घेतला आणि हसले. मैत्रीण रडत होती. बाबा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी नंतर गेले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "बत्तीस वर्षांत लाइन किती वेळा तुटली असेल. असं कधी वाटलं नव्हतं."

पुढे दोन रस्ते होते. रोज गोळ्या घ्यायच्या, त्यानं पळणं कमी होईल, बंद होईलच असं नाही. नाहीतर मांडीच्या वरच्या शिरेतून बारीक तारा हृदयात न्यायच्या, ती जादा वाट शोधायची आणि तारेच्या टोकाच्या उष्णतेनं तेवढीच जाळून टाकायची. छाती उघडायची नाही. मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी पुण्यात येऊन हे करायचे. डॉक्टरबाईंनी धोकाही लपवला नाही. जादा वाट खऱ्या वाटेच्या अगदी शेजारी असते. खरीला धक्का लागला तर मग छातीत पेसमेकर बसवावा लागतो. असं क्वचित होतं, पण होतं.

बाबांना गोळ्या हव्या होत्या. जाळायचं हा शब्दच त्यांना नको होता. त्यांनी माझं कधी काही अडवलं नव्हतं, पुण्याला यायलाही नाही. आता मात्र घरी आल्यावर म्हणाले, "कशाले हात लावायचा? चाललं आहे ना नऊ वर्षं." मी म्हटलं की चाललंय ते मी जिन्यात बसून.

संध्याकाळी आईला फोन केला. तिची बुद्धवंदना नुकतीच झाली होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं. "त्यांना ती वाट दिसते का, का अंदाजानं जाळतात?" दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या की डोळ्यांना दिसत नाही, पण तारेच्या टोकाला तिथली वीज कळते, आधी त्यावरून जागा नक्की करतात, मगच. मी आईला तसंच सांगितलं. "मग करून घे," आई म्हणाली. बाबांशीही ती काहीतरी बोलली. ते काय, मला आजवर ठाऊक नाही, पण ते फोन ठेवून आले आणि मला विचारलं की शनिवार कोणता.

त्या शनिवारी सकाळी मी हिरव्या चादरीखाली अरुंद टेबलावर पडले होते. खोली थंडगार होती. मांडीजवळ बधिर केलेलं होतं, मी पूर्ण जागी. मुंबईचे डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे. ते मला प्रत्येक गोष्ट सांगत होते, जणू मी त्यांची विद्यार्थिनी आहे. डोक्याजवळच्या पडद्यावर रंगीत रेघा धावत होत्या, प्रत्येक रेघ माझ्या हृदयातल्या एकेका जागेची. ही वरच्या कप्प्यातली, ही खालच्या, आणि ही मधल्या वाटेवरची.

मग ते म्हणाले, "आता मी सुरू करतो. ओळखीचं वाटलं तर सांगा."

त्यांनी कुणाला तरी आकडा सांगितला, यंत्राचं बटण फिरलं, माझ्या हृदयाला बाहेरून दोन जादा ठोके पडले, आणि ते पळालं.

"हेच का?"

"हेच."

त्यांनी पुन्हा बटण फिरवून ते थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. मला तो क्षण कधी विसरता येणार नाही. शाळेच्या मैदानापासून जे मला वाटेल तेव्हा पकडत होतं, ते एका माणसानं बटणावर उभं केलं होतं, बसवलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सनं दुखतंय का विचारलं. मी म्हटलं, नाही हो, बरं वाटतंय. एकदा वळून पाहिलं तर काचेपलीकडे डॉक्टरबाईंच्या शेजारी बाबा उभे होते. डॉक्टरबाईंनीच त्यांना आत बोलावून घेतलं होतं. आतल्या यंत्रातून माझ्या ठोक्यांचा बीप-बीप आवाज येत होता आणि बाबा मान खाली घालून ऐकत होते.

जाळताना हलायचं नाही, खोकायचं नाही. छातीत कोमट काहीतरी पसरलं, दुखलं असं म्हणता येणार नाही. मधेच काही ठोके वेगळे पडले. मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले की हे मला हवेच होते, बरोबर जागेवर आहोत. असं तीन वेळा केलं. एक जण फक्त रेघांकडे बघत मोठ्यानं सांगत होता, ठीक, ठीक, ठीक. ती खरी वाट शाबूत आहे हे सांगायचं त्याचं काम.

मग परीक्षा. त्यांनी पुन्हा बटण फिरवलं. पळालं नाही. आकडे बदलले, पुन्हा केलं. हृदय वेगानं पळावं असं औषध शिरेतून दिलं, त्यानं ते साध्या वेगानं वाढलं, आणि त्यावर पुन्हा जादा ठोके दिले. काही नाही. अर्धा तास थांबून पुन्हा. मी मनातल्या मनात त्याला ये, ये म्हणत होते, खरंच गेलंय का बघायला. ते आलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी मुखपट्टी खाली ओढली.

"ते पुन्हा सुरू करण्यात मी हरलो, असं म्हणायला आता हरकत नाही," ते म्हणाले.

काचेपलीकडे डॉक्टरबाईंनी बाबांशी हात मिळवला. बाबांना काय करावं कळेना, त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला.

त्यानंतर सहा तास उजवा पाय सरळ ठेवून उताणं पडायचं होतं. बाबांनी मला चमच्यानं वरणभात भरवला आणि सगळा वेळ ते त्या रेघांबद्दल बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मैत्रीण पेस्ट्री घेऊन आली आणि ती तिनंच जास्त खाल्ली. ऑफिसातल्या साहेबांना तिनं सगळं सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले होते की दुरुस्त होऊन आलेली मुलगी पाठवायला काय हरकत आहे. माझं नाव यादीतून खाली गेलं नाही.

दोन आठवड्यांनी, बाबा परत जायच्या आदल्या रविवारी, मी त्यांना कात्रजच्या सर्पोद्यानात नेलं. एवढे दिवस पुण्यात राहून त्यांनी दवाखाना आणि माझी खोली सोडून काही पाहिलं नव्हतं. मी एका काचेच्या पेटीत वाकून बघत होते. आत काहीच दिसेना, नुसता पालापाचोळा. मी नाक काचेला टेकवलं, आणि त्याच क्षणी पाल्यातून नाग फणा काढून उभा राहिला, माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. मी किंचाळून मागे उडी मारली. हृदय धाडधाड उडायला लागलं.

बाबांचा हात आपोआप माझ्या मनगटावर आला. मी उभी राहिले आणि वाट बघितली. ते धडधडत होतं, मग जरा कमी झालं, मग आणखी कमी, पायरी-पायरीनं खाली येत, सगळ्या जगाचं येतं तसं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा. भीती वाटली फक्त."

त्यांनी मनगट सोडलं. मग आम्ही अजगर पाहायला गेलो.